फोन ते दार : नांदेड-लातूरमधील पोलीस मदतीच्या मिनिटांचा हिशेब

पोलिसांना फोन केला तर ते किती वेळात येतात? हा प्रश्न नांदेडच्या वजिराबादेत विचारा, लातूरच्या गंजगोलाईत विचारा, नाहीतर किनवटकडच्या एखाद्या तांड्यावर विचारा. उत्तर दरवेळी वेगळे मिळेल, आणि तरीही त्यातले एकही खोटे नसेल. शासनाच्या कागदावर मात्र एकच आकडा येतो : सरासरी इतकी मिनिटे. हा आकडा कमी झाला की यंत्रणा सुधारली असे जाहीर होते, वाढला की टीका होते, आणि चर्चा तिथेच संपते. या लेखात मांडायचे आहे ते असे की मदतीचा वेळ म्हणजे एकच एक वेळ नसतो. फोन लावेपर्यंतचा, फोनवर पत्ता समजेपर्यंतचा, गाडी दारात येईपर्यंतचा आणि दारात आल्यावर काही घडेपर्यंतचा, असे त्याचे चार तुकडे पडतात. नांदेड आणि लातूरसारख्या जिल्ह्यांत माणसाचा जीव अनेकदा त्या तुकड्यांत अडकतो ज्यांची मोजणीच होत नाही. म्हणून आधी मोजायचे काय हे बदलले पाहिजे, आणि मोजलेले ठाणेवार लोकांपुढे ठेवले पाहिजे.

आणीबाणीसाठी एकच क्रमांक असावा ही कल्पना मुळात अशाच एका हरवलेल्या वेळातून जन्मली. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागली आणि पाच स्त्रिया दगावल्या. शेजाऱ्याने अग्निशमन दलाला फोन लावला होता, पण टेलिफोन एक्स्चेंजच्या रांगेत त्याचा कॉल तसाच पडून राहिला. त्यातूनच ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ सुरू झाला. अमेरिकेत १९६८ साली ९११ आला आणि युरोपने १९९१ मध्ये ११२ हा सामाईक क्रमांक ठरवला. आपल्याकडे पोलिसांना १००, अग्निशमनाला १०१, महिलांसाठी १८१ असे वेगवेगळे क्रमांक होते. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचारानंतर निर्भया निधी उभा राहिला. त्याच निधीतून ११२ ची देशव्यापी व्यवस्था आखली गेली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये ती प्रथम हिमाचल प्रदेशात सुरू झाली. महाराष्ट्रात २०२१ पासून ‘डायल ११२’ चालू आहे. तिचे मुख्य केंद्र नवी मुंबईत महापे येथे आणि दुसरे नागपुरात आहे. मराठवाड्यात बोलताना माणसे अजूनही ‘शंभर नंबर’ म्हणतात, पण त्या शब्दामागची यंत्रणा पार बदलली आहे.

हा बदल नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. पूर्वी १०० फिरवला की कॉल जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात जाई. फोन घेणारा, नोंदवहीत लिहिणारा आणि गाडी पाठवणारा, सगळे एकाच छताखाली असत. गाडी उशिरा गेली, तर उशीर झाल्याची नोंदही त्यांच्याच हातात असे. आता नांदेडच्या इतवाऱ्यातून लावलेला ११२ नवी मुंबईत किंवा नागपुरात उचलला जातो. तिथे नाव, ठिकाण, प्रकार टिपून ‘इव्हेंट’ तयार होतो. तो जिल्ह्याच्या कक्षात दिसतो, आणि तिथून गाडीतल्या पडद्यावर जातो. गाडीतला अंमलदार कॉल स्वीकारतो, निघतो, पोहोचल्याची नोंद करतो, आणि शेवटी काय कारवाई केली ते भरतो. या प्रत्येक पायरीला वेळेचा शिक्का बसतो, आणि गाडीला जीपीएस असते. म्हणजे घड्याळ पहिल्यांदाच जिल्ह्याच्या बाहेर बसले आहे. केंद्रीकरणावर टीका करणाऱ्यांच्या नजरेतून ही गोष्ट निसटते. उशीर लपवणे पूर्वी सोपे होते, आता ते अवघड झाले आहे. मिनिटांचा प्रामाणिक हिशेब आज मागता येतो, तो या बदलामुळेच.

तरीही टीकाकारांचे म्हणणे पोकळ नाही. महाप्यात बसलेल्या मुलीला गाव ठाऊक नसते. शिवाजीनगर नावाचे पोलीस ठाणे नांदेडमध्ये आहे, लातूरमध्येही आहे, आणि त्या नावाची वस्ती महाराष्ट्रात गावोगाव आहे. लातूरचा माणूस घाईत एवढेच सांगतो, “गोलाईत मारामारी चाललीय, लवकर या.” गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात, सराफा लाईन की कापड लाईन, हे विचारून घेईपर्यंत वेळ जातो. ट्यूशन एरियातल्या वसतिगृहात राहणारी, दोन महिन्यांपूर्वी बाहेरगावाहून आलेली विद्यार्थिनी तर गल्लीचे नावही सांगू शकत नाही. तिला क्लासचे नाव तेवढे माहीत असते. नांदेडमध्ये मराठीबरोबर दखनी उर्दू आहे, गुरुद्वारा परिसरात पंजाबी आहे. देगलूर-बिलोलीकडे बोलण्यात तेलुगू मिसळते, उदगीर-देवणी-निलंग्याकडे कन्नड. सीमेवरच्या गावात मोबाईल कधी पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो. अशा वेळी कॉल कुठल्या राज्यात जाऊन पडेल, हा प्रश्न तिथल्या माणसासाठी नुसता तांत्रिक नसतो. यावर उपाय म्हणून १०० कडे परत जायची गरज नाही. जिल्ह्याजिल्ह्याची बोलीतल्या ठिकाणांची यादी केंद्राच्या पडद्यावर असली पाहिजे : लोक ज्याला ‘गोलाई’, ‘जुना मोंढा’, ‘सिडको’, ‘हडको’ म्हणतात ती नावे, देवळे, मशिदी, पाण्याच्या टाक्या, क्लासेस. ही यादी ठाण्यातल्या बीट अंमलदाराला तोंडपाठ असते. ती त्याच्या डोक्यातून कागदावर आणायला फार पैसा लागत नाही.

आता अंतराचा प्रश्न. नांदेड जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेदहा हजार चौरस किलोमीटर आणि तालुके १६. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या होती ३३ लाख ६० हजारांच्या आसपास. लातूरचे क्षेत्रफळ सात हजार चौरस किलोमीटरहून थोडे अधिक, तालुके १० आणि लोकसंख्या साडेचोवीस लाख. म्हणजे एका तालुक्याच्या वाट्याला सरासरी साडेसहाशे ते सातशे चौरस किलोमीटर येतात. तालुका गोल धरला आणि गाडी मधोमध उभी आहे असे मानले, तरी कडेचे गाव सरळ रेषेत चौदा-पंधरा किलोमीटरवर पडते. रस्त्याने ते अंतर वाढतेच. ताशी चाळीसच्या वेगाने निघालेली गाडी वीस-पंचवीस मिनिटांआधी तिथे पोहोचूच शकत नाही, मग अंमलदार कितीही तत्पर असो. माहूर-किनवटच्या डोंगराळ भागात आणि पावसाळ्यात नाले भरलेले असताना हा वेळ आणखी वाढतो. शहरांचेही तसेच. गोदावरी नांदेडचे दोन भाग करते. जुने शहर उत्तरेला, सिडको-हडको आणि विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय दक्षिणेला. जखमीला घेऊन निघालेल्या गाडीला पूल ओलांडावाच लागतो. अशा भूगोलात ‘जिल्ह्याची सरासरी’ हा आकडा काय सांगतो? समजा दहा कॉलपैकी नऊ ठिकाणी गाडी सहा मिनिटांत गेली आणि दहाव्या ठिकाणी सहासष्ट मिनिटांनी. सरासरी निघते बारा मिनिटे. दुसऱ्या जिल्ह्यात दहाही ठिकाणी गाडी बाराव्या मिनिटाला पोहोचली, तिथेही सरासरी बाराच. कागदावर दोन्ही जिल्हे सारखे. पहिल्या जिल्ह्यातले ते दहावे घर मात्र या आकड्यात कुठेच दिसत नाही. म्हणून सरासरीसोबत सर्वांत उशिराचे दहा टक्के कॉल कुठले होते आणि त्यांना किती वेळ लागला, हे सांगणे बंधनकारक असले पाहिजे.

इथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो अभ्यासाच्या बळावर येतो. लवकर पोहोचल्याने फरक पडतो तरी का? अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये १९७२-७३ साली १५ बीटचे तीन गट करून प्रयोग झाला. काही ठिकाणी गस्त बंद केली, काही ठिकाणी दुपटी-तिपटीने वाढवली, काही ठिकाणी आहे तशी ठेवली. गुन्ह्यांत लक्षणीय फरक दिसला नाही. पुढे विल्यम स्पेलमन आणि डेल ब्राउन यांनी चार शहरांचा अभ्यास करून १९८१ मध्ये मांडले की गंभीर गुन्ह्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश गुन्हे घडून गेल्यावरच लक्षात येतात; सकाळी उठून पाहावे तर घर फोडलेले. आणि जे समोर घडतात त्यांतही लोक फोन करायलाच इतका वेळ घेतात की गाडीचा वेग निरुपयोगी ठरतो. त्यांच्या हिशेबाने हजारी जेमतेम २९ गंभीर गुन्ह्यांत तातडीच्या धावण्यामुळे अटक झाली होती. या निष्कर्षाचा आधार घेऊन पोलीस प्रशासनात अनेक वर्षे म्हटले गेले की मिनिटांच्या मागे धावू नका.

पण हा निष्कर्ष दोन कारणांनी आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. एक, तो काळ मोबाईलपूर्वीचा होता. ब्लेन्स इ विदाल आणि किर्चमायर यांनी ग्रेटर मँचेस्टरच्या नोंदींवर केलेला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळे सांगतो. पोहोचण्याचा वेळ दहा टक्क्यांनी वाढला, तर गुन्हा उलगडण्याची शक्यता ४.७ टक्के-बिंदूंनी घटते. पोलीस लवकर आले तर साक्षीदार जागेवर सापडतात आणि संशयिताचे नाव कळते, हे त्यामागचे एक मोठे कारण. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. मराठवाड्यातला माणूस ११२ लावतो तो नेहमी चोर पकडण्यासाठी नसतो. बांधावरून दोन भाऊबंद कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे असतात. दारू पिऊन आलेला नवरा दार तोडत असतो. तुळजापूर-बुटीबोरी महामार्गावर चाकूर ते लोहा या पट्ट्यात ट्रकने दुचाकी उडवलेली असते आणि बघ्यांची गर्दी जमलेली असते. इथे यशाची कसोटी अटक नव्हे, तर झालेले नुकसान आणखी वाढू न देणे. कुऱ्हाड खाली ठेवायला लावणारी गाडी कोणालाही अटक न करता परतली, तर अटकेच्या हिशेबात ती शून्य ठरेल. त्या दोन घरांसाठी मात्र तेवढेच सर्वकाही असते. म्हणून अटकांच्या संख्येवरून वेगाची किंमत ठरवणे हा चुकीच्या तराजूने केलेला न्याय आहे.

त्या जुन्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र आजही पटण्यासारखी आहे, आणि तिच्याकडे आपण पाठ फिरवली आहे : सर्वांत मोठा उशीर फोन करण्यापूर्वी होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना कोणाची मदत मागितली, ना कोणाला सांगितले; मदत मागणाऱ्या केवळ १४ टक्के होत्या, आणि त्यांनी मागितलेली मदतही बहुतेक माहेरच्यांची. त्या बाईच्या दृष्टीने गाडी सहा मिनिटांत येते की सोळा, हा प्रश्नच उभा राहत नाही. तिच्या मनात वेगळे प्रश्न असतात : गाडी गल्लीत आली तर शेजारी काय म्हणतील, पोलीस निघून गेल्यावर रात्री काय होईल, ठाण्यात ‘आपसात मिटवा’ म्हणून परत तर पाठवणार नाहीत? या भीतीवर घड्याळाचा इलाज नाही, पण मोजमापाचा आहे. घरातल्या हिंसेचे कॉल ज्या ठाण्याच्या हद्दीत जवळपास नाहीतच, तिथे शांतता आहे असे समजू नये. तिथे विश्वास नाही असे समजून बीट अंमलदार आणि महिलांसाठीच्या दामिनी पथकाला वस्तीत पाठवावे. मोबाईलमध्ये धोक्याचे बटण असावे हा नियम केंद्राने २०१६ मध्येच केला. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा, स्मार्टफोनवर पॉवरचे बटण तीनदा दाबायचे. ही माहिती उमरी-नायगावच्या आठवडी बाजारातल्या किती बायकांपर्यंत नीट पोहोचवली गेली? हा प्रश्न पोहोचण्याच्या मिनिटांइतकाच ११२ च्या हिशेबाचा भाग आहे.

चौथा तुकडा गाडी आल्यानंतरचा. कागदावर ‘पोहोचलो’ लिहिले की घड्याळ थांबते. माणसाचा प्रश्न तिथून सुरू होतो. तापिंदर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये सांगितले की निनावी, त्रोटक फोन म्हणजे प्रथम खबरी अहवाल नव्हे. ते योग्यच आहे. पण त्याचा अर्थ फोनवरची माहिती हवेत सोडून द्यायची असा नाही. ललिताकुमारी खटल्यात २०१३ मध्ये घटनापीठाने स्पष्ट केले की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर नोंद करणे बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणाचीही असो, नोंद करावी लागते. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र देणाऱ्याने तीन दिवसांत सही करावी लागते. कायदा एवढा पुढे आला असताना ११२ चा कॉल ‘समज देऊन मिटविले’ या तीन शब्दांत बंद होत असेल, तर त्या तीन शब्दांची तपासणी झाली पाहिजे. त्याच घरातून, त्याच क्रमांकावरून महिन्यात तिसरा कॉल आला असेल, तर पहिले दोन ‘मिटले’ नव्हते एवढे उघड आहे. पुन्हा पुन्हा येणारे कॉल ही यंत्रणेच्या हाती असलेली सर्वांत मोलाची माहिती आहे. खून होण्याआधी त्या घरातून फोन आला होता का, हे नंतर शोधण्यापेक्षा तिसऱ्या फोनला थांबून विचारणे सोपे आणि स्वस्त आहे.

यावर ठाण्यातून जे उत्तर येते ते खरे आहे : माणसे कुठे आहेत? नांदेड-लातूरला पोलीस आयुक्तालय नाही. दोन्ही शहरे पोलीस अधीक्षकांच्या जिल्ह्यांत येतात, आणि शहर, तालुका, महामार्ग सगळे एकाच मनुष्यबळात भागवावे लागते. त्यात बंदोबस्त. हजूर साहिबचा होला मोहल्ला आणि दसरा, माळेगावची यात्रा, माहूरचे नवरात्र, लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा, गणपती, निवडणुका, नेत्यांचे दौरे. २९ मार्च २०२१ रोजी होला मोहल्ल्याच्या वेळी नांदेडमध्ये पोलिसांवरच हल्ला होऊन कर्मचारी जखमी झाले; बंदोबस्त ही नुसती उभे राहण्याची ड्युटी नसते. आणि संकटे सांगून येत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली, तेव्हा आदल्या रात्रीच्या गणेश विसर्जनाचा बंदोबस्त नुकता उतरला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील गावे रातोरात पाण्याने वेढली गेली आणि लष्कराला बोलवावे लागले. मनुष्यबळाची ही अडचण हिशेब टाळण्याचे कारण ठरत नाही. तीच हिशेब मागण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. यात्रेच्या आठवड्यात इतर ठाण्यांच्या हद्दीत गाडी किती उशिरा पोहोचली, हा आकडा हाती असेल, तर अधीक्षक गृह विभागाकडे मोघम विनंतीऐवजी पुरावा घेऊन जातील. ११२ च्या गाड्या आणि त्यांवरची माणसे बंदोबस्तासाठी ओढायची नाहीत, हा नियम त्या आकड्यांच्या बळावरच टिकेल.

आकडे जाहीर केले तर अंमलदार खोटे भरतील, असे म्हणतात. गल्लीच्या तोंडाशीच ‘पोहोचलो’ दाबतील, अवघड कॉल दुसऱ्या प्रकारात टाकतील. ही भीती अनुभवातून आलेली आहे. ब्रिटनमध्ये पोलिसांच्या वचननाम्यात शहरात पंधरा आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांचे लक्ष्य होते. लक्ष्यांच्या मागे लागून काम बिघडते म्हणून २०१० मध्ये ते रद्द झाले. पण तोच देश मे २०२२ पासून ९९९ चे किती कॉल दहा सेकंदांत उचलले जातात, हे प्रत्येक दलाच्या नावानिशी जाहीर करतो. यातला फरक महत्त्वाचा आहे. लक्ष्य चुकले म्हणून शिक्षा देणे वेगळे आणि माहिती उघडी ठेवणे वेगळे. शिक्षेची टांगती तलवार नसली की खोटे भरण्याचे कारण उरत नाही. वर जीपीएसच्या नोंदीशी ताळा घेता येतो, आणि दर महिन्याला काही फोन करणाऱ्यांना परत फोन करून विचारता येते : गाडी खरेच दारात आली होती का? दुसरा आक्षेप खोट्या कॉलचा. लहान मुले, दारुडे, खोडसाळ माणसे फोन करतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली त्यासाठी शिक्षाही आहे. असे कॉल वेगळ्या रकान्यात दाखवावेत. पण त्यांच्या धाकाने खऱ्या फोन करणाऱ्याला दरडावू नये. एका खोट्या कॉलची किंमत वाया गेलेले पेट्रोल असते, न केलेल्या एका खऱ्या कॉलची किंमत जीव असू शकते. माहितीने गुन्हेगारांना कमकुवत भाग कळेल, ही भीती तर सर्वांत लटकी आहे. गस्त कुठे येत नाही हे चोराला आधीच माहीत असते. माहीत नसते ते करदात्याला.

मग मागायचे काय? माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ कार्यालयांना स्वतःहून माहिती जाहीर करायला सांगते. वेगळ्या कायद्याची गरज नाही. प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर महिन्यातून एकदा एक तक्ता लागावा. कॉल किती आले, कोणत्या प्रकारचे. उचलण्यापासून गाडीला कळेपर्यंत किती वेळ गेला, कळल्यापासून पोहोचेपर्यंत किती. सर्वांत उशिराचे दहा टक्के कॉल कोणत्या बीटमध्ये होते. पोहोचल्यावर काय झाले : किती ठिकाणी गुन्हा नोंदला, किती जखमी दवाखान्यात नेले, किती ‘मिटविले’, आणि त्यांतून किती घरांतून पुन्हा कॉल आला. नावे नकोत, पत्ते नकोत. त्याने फोन करणारीच धोक्यात येईल. आणि कॅन्सस सिटीच्याच अभ्यासकांनी दाखवलेली एक साधी गोष्ट लगेच सुरू करता येईल. तिथे लोकांचे समाधान प्रत्यक्ष मिनिटांपेक्षा, अपेक्षित वेळेत पोलीस आले की नाही यावर अधिक अवलंबून होते. म्हणून देगलूरच्या टोकाच्या गावातून फोन करणाऱ्या बाईला “गाडी निघाली” एवढेच सांगू नये. “गाडी देगलूरहून निघाली आहे, यायला पंचवीस मिनिटे लागतील, तोवर शेजारच्या घरात जा, दार आतून लावा, फोन चालू ठेवा,” असे सांगावे. गाडी त्यामुळे एक मिनिटही लवकर येणार नाही. पण ती पंचवीस मिनिटे ती बाई एकटी असणार नाही, आणि गाडी खरेच पंचविसाव्या मिनिटाला आली तर पुढच्या वेळी फोन लावताना तिचा हात अडखळणार नाही. पहिल्या तुकड्यातला, फोन लावण्यापूर्वीचा तो सर्वांत लांब उशीर कमी होतो तो असा : दिलेला शब्द एकेका दारात पाळून.